माप पायलीचं, काट्याचं नाही: काऊबॉय नेमबाजीसाठी पर्यायी काळी दारू भरताना

रविवारी आईचा पुण्याहून फोन येतो तेव्हा मी बहुधा गॅरेजमध्ये असतो. पहिल्यांदा तिनं "काय करतोयस?" विचारलं आणि मी सहज म्हणालो, "दारू भरतोय." पलीकडे एकदम शांतता. मग हळूच, "अरे, सकाळी सकाळी?" बाटलीतली आणि बंदुकीतली, दोन्ही दारूच म्हणणारी आपली भाषा. त्या दिवशी तिला समजावता समजावता काडतुसं भरायची राहून गेली.

मी अ‍ॅरिझोनात राहतो आणि महिन्यातून एक-दोन वेळा काऊबॉय अ‍ॅक्शन शूटिंगला जातो. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात हा खेळ सुरू झाला. त्याचे नियम करणारी सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटी, म्हणजे 'सास', १९८७ मध्ये स्थापन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या धर्तीची दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर रायफल, एक शॉटगन, डोक्यावर हॅट, आणि सभासद म्हणून घेतलेलं एक टोपणनाव. घड्याळ लावून लोखंडी लक्ष्यांवर नेम धरायचा. बहुतेक मंडळी आधुनिक, बिनधुराची दारू वापरतात. पण काही गट धुराचे आहेत. तिथे काळी दारू किंवा तिचा मान्य पर्याय लागतो, आणि कोणत्याही कॅलिबरमध्ये किमान १५ ग्रेन मापाच्या, म्हणजे एक घन सेंटिमीटर दारूइतका तरी धूर निघालाच पाहिजे. मी त्या गटात आहे. पाचव्या बारानंतर लक्ष्य दिसेनासं होतं आणि नुसत्या अंदाजानं नेम धरावा लागतो, यातली मजा सांगून कळणारी नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे सगळं अमेरिकेतलं आहे. इथे स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला केंद्रीय परवाना लागत नाही, तरी राज्याराज्याचे नियम वेगळे आहेत, ते बघून घ्या. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे शस्त्र आणि दारूगोळा बाळगायलाही परवाना लागतो आणि काडतुसं बनवायला वेगळा परवाना लागतो. तिथे घरी हे करून बघायचा विचारही नको.

खऱ्या काळ्या दारूऐवजी पर्याय का

खरी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. कायद्याच्या लेखी ती स्फोटक. विकणाऱ्या दुकानदाराला स्फोटकांचा परवाना आणि साठवणुकीची वेगळी सोय लागते, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात ती क्वचितच दिसते. अमेरिकेत ती बनवणारा मोठा कारखाना म्हणजे लुइझियानातल्या मिंडेनचा गोएक्स. २०२१ मध्ये तो बंद करत असल्याची घोषणा झाली तेव्हा आमच्या क्लबात अक्षरशः सुतक पडलं होतं. २०२२ मध्ये एस्टेस कंपनीनं तो घेतला आणि लोकांनी निःश्वास टाकला. त्या मधल्या काळात बरेच जण पर्यायी दारूकडे वळले. मी आधीपासूनच तिथे होतो, कारण सोपं होतं: दुकानात तीच मिळत होती.

पर्यायी दारू धूर देते, साठवायला आणि पाठवायला कमी कटकटीची असते, आणि पेटायला खऱ्या दारूपेक्षा जास्त उष्णता मागते, त्यामुळे हाताळायला थोडी सुरक्षित. पण 'पर्याय' या शब्दानं फसू नका. साखरेऐवजी गूळ घातला की प्रमाण बदलतं, पाक बदलतो, तसंच इथे. डब्यावरचं नाव बदललं की माप आणि ठासणी दोन्ही बदलतात.

'ठासणी' हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. कोकणात, सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे, शेतीसंरक्षणासाठी परवाना असलेल्या ठासणीच्या बंदुका अजून आहेत. नळीत दारू घालून गजानं ठासायची म्हणून ती ठासणीची बंदूक. काडतुसात गज नसतो, पण ठासणं असतंच. कोणती दारू किती ठासायची, हा या लेखातला अर्धा विषय. उरलेला अर्धा म्हणजे माप.

बाजारातल्या चार जाती

पायरोडेक्स सर्वांत जुनी. १९७० च्या दशकाच्या मध्यात बाजारात आली. हॉजडन कंपनी ती विकते. तिच्यात गंधक आहे, त्यामुळे वास थेट लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचा. काळ्या दारूच्या डब्यावर जितके 'एफ' जास्त तितके दाणे बारीक. आर-एस ही प्रत साधारण दोन एफच्या काळ्या दारूसारखी, पी ही तीन एफसारखी, म्हणजे जास्त बारीक. तिच्यात पोटॅशियम परक्लोरेट असतं. जळल्यावर त्यातून क्षार उरतात, आणि ते मिठासारखेच लोखंड खातात. धुण्याच्या भागात याकडे परत येऊ.

ट्रिपल सेव्हन हीसुद्धा हॉजडनची. तिच्यात गंधक नाही, म्हणून वास नाही. सफाई नुसत्या पाण्यानं होते. मात्र ती जोरदार आहे: त्याच मापात खऱ्या काळ्या दारूपेक्षा सुमारे १५ टक्के जास्त ताकद. म्हणून काळ्या दारूएवढाच वेग हवा असेल तर माप १५ टक्क्यांनी कमी घ्यायचं. मी रिव्हॉल्व्हरला हीच वापरतो.

तिसरी जात अ‍ॅस्कॉर्बिक आम्लावर, म्हणजे क जीवनसत्त्वावर बेतलेली. अमेरिकन पायोनियर त्यातली प्रसिद्ध. ती ठासलेली चालते, राख मऊ पडते. पण ओल धरते. पावसाळी हवेत डब्याचं झाकण उघडं राहिलं तर आपल्याकडच्या मिठासारखी गत.

चौथी ब्लॅकहॉर्न २०९. तिचा पाया नायट्रोसेल्युलोजचा आहे, त्यामुळे पाण्यानं सफाई होत नाही, सॉल्व्हंट लागतं. महागही आहे. शिकारीच्या ठासणीच्या रायफलींमध्ये ती खूप चालते. आमच्या खेळात मला तिचं प्रयोजन वाटत नाही, म्हणून तिच्याबद्दल पुढे काही लिहीत नाही.

माप

ग्रेन हे वजनाचं एकक आहे, ०.०६४८ ग्रॅम. सोनाराची गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची, म्हणजे एका गुंजेत जवळजवळ दोन ग्रेन. इथवर ठीक. गोंधळ पुढे आहे. काळ्या दारूच्या जगात ग्रेन हे आकारमानाचंही एकक आहे. '३० ग्रेन माप' म्हणजे ३० ग्रेन वजनाची खरी काळी दारू जेवढी जागा व्यापेल तेवढी जागा. त्या जागेत पर्यायी दारू घातली तर तिचं वजन ३० ग्रेन भरत नाही. पायरोडेक्स आणि ट्रिपल सेव्हन दोन्ही हलक्या, तेवढ्याच जागेत साधारण पाऊणपट वजनाच्या.

आपल्याला हे अवघड जाऊ नये. आजीच्या घरी चिपटं, मापटं, शेर, पायली ही सगळी आकारमानाची मापं होती. पायलीभर ज्वारी आणि पायलीभर पोहे, वजनात जमीन-अस्मानाचा फरक, पण दोन्ही पायलीच. पर्यायी दारू म्हणजे पोहे. पायलीनं मोजा.

मी पहिल्या वर्षी नेमकं उलट केलं. पुस्तकात ट्रिपल सेव्हनसाठी दिलेला ३० चा आकडा वाचला, तो मापाचा आहे हे न बघता इलेक्ट्रॉनिक काट्यावर ३० ग्रेन तोलले. हिशेब करून बघा: ३० ग्रेन वजन भागिले ०.७५, म्हणजे ४० ग्रेन मापाची जागा. त्यात ही दारू १५ टक्के जोरदार, म्हणजे ताकद सुमारे ४६ ग्रेन काळ्या दारूची. १८७३ सालच्या मूळ .४५ कोल्ट काडतुसात ४० ग्रेन भरत, आणि आजच्या पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीची, बूड-भिंत जाड असल्यामुळे तेवढेही नीट मावत नाहीत. गोळी बसेना म्हणून मी काडतुसं भरायच्या प्रेसच्या दांड्यावर रेटा वाढवला. क्लबातले एक ज्येष्ठ गृहस्थ त्या दिवशी माझ्या गॅरेजात होते. त्यांनी माझा हात धरला. काही बोलले नाहीत, काट्याकडे बोट दाखवलं आणि खिशातून एक पिवळा प्लॅस्टिकचा चमचा काढून टेबलावर ठेवला. भरलेली अकरा काडतुसं मी त्याच दिवशी उकलली.

तो चमचा म्हणजे ली कंपनीचा डिपर. त्यावर घन सेंटिमीटरचा आकडा असतो. त्याला १५.४ नं गुणलं की ग्रेन माप मिळतं: १.६ चा चमचा म्हणजे साधारण २५ ग्रेन माप, १.९ म्हणजे २९, २.२ म्हणजे ३४. हे गणित एका चिठ्ठीवर लिहून बाकावर चिकटवा.

चमचा भरायचीही एक रीत आहे. दारू एका छोट्या वाटीत घ्या, चमचा उभा बुडवून वर आणा, जुन्या व्हिजिटिंग कार्डानं वरचा ढीग सपाट पुसा. ठोकायचं नाही, हलवायचं नाही. दर वेळी तस्संच. वेग एकसारखा मिळणं यावर अवलंबून असतं, महागड्या यंत्रावर नाही. दांड्याच्या एका ओढीत अनेक कामं करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसवर बसवायच्या दारूच्या डब्यात ही दारू चालेल की नाही, ते त्या यंत्राच्या पुस्तिकेत बघा. खऱ्या काळ्या दारूला तर बहुतेक ठिकाणी साफ मनाई असते. मी सगळं हातानंच मोजतो. सामन्याचे सहा डाव, डावाला दहा पिस्तुलाचे आणि दहा रायफलीचे बार, म्हणजे १२० काडतुसं. एक संध्याकाळ पुरते.

बाक मांडताना

बाकावर एका वेळी एकच डबा. हा नियम मी कधी मोडत नाही, कारण या छंदातली खरी जीवघेणी चूक एकच आहे: चुकून बिनधुराची दारू पुंगळीभर घालणं. काळ्या दारूची किंवा पर्यायाची पुंगळी गोळीच्या बुडापर्यंत भरायची असते. बिनधुराच्या दारूचं .४५ कोल्टमधलं माप पुंगळीच्या तळाशी असतं. ती तेवढी भरली तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर, म्हणजे काडतुसं ठेवायचं फिरतं नळकांडं, हातात फुटतं. म्हणून काम संपलं की उरलेली दारू मूळ डब्यात परत, आणि डबा कपाटात. दुसऱ्या कुठल्याही बरणीत ठेवायची नाही. वाटीत उरलेली दारू कोणती हे आठवत नसेल तर ती परत डब्यात जाणार नाही. दोन दारू मिसळायच्या नाहीत, अगदी एकाच कंपनीच्या असल्या तरी.

बाकी नेहमीचंच: डोळ्यांवर चष्मा, जवळपास सिगरेट-उदबत्ती-हीटर काही नाही, फोन दुसऱ्या खोलीत, मुलं बाहेर. शिसं हाताळायचं म्हणून बाकाशी खाणं-पिणं नाही, आणि उठल्यावर साबणानं हात. मन दुसरीकडे असेल तर त्या दिवशी बाकाशी बसूच नका.

आणि भरण्याचे आकडे दारू बनवणाऱ्या कंपनीच्या ताज्या तक्त्यातूनच घ्यायचे. मी इथे मुद्दामच पाककृती देत नाही. तुमची पुंगळी, तुमची गोळी आणि तुमची बंदूक माझ्यापेक्षा वेगळी असणार.

एका काडतुसाची गोष्ट

.४५ कोल्ट घेऊ, कारण मी तेच भरतो. पुंगळी १.२८५ इंच उंच, गोळी शिशाची, २५० ग्रेनची. आमच्या खेळात गोळी शिशाचीच लागते, तांब्याचं आवरण चालत नाही, कारण लक्ष्य लोखंडी आणि जवळ असतं.

पुंगळी आधी धुतलेली आणि पूर्ण वाळलेली हवी. एकेक हातात घेऊन उजेडासमोर बघा. तोंडाशी चीर असेल तर सरळ भंगारात. मग पहिली डाय, म्हणजे प्रेसमध्ये बसवायचा साचा: पुंगळी मापात येते आणि जुना प्राइमर, म्हणजे बुडातली ठिणगी पाडणारी टोपी, बाहेर पडतो. प्राइमरची खाच साफ करा, काळ्या दारूची राख तिथे थर धरते. दुसऱ्या डायनं पुंगळीचं तोंड जरासं फुलवायचं, इतकंच की गोळीची बूड न खरवडता आत बसेल. मऊ शिसं पुंगळीच्या काठानं सोललं जातं आणि ती सालपटं नंतर चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीतल्या काडतुसाच्या घरात, अडकतात.

प्राइमर साधा, मोठ्या पिस्तुलाचा. जास्त जोराच्या मॅग्नम प्राइमरची गरज मला कधी भासली नाही. तो बसवल्यावर पुंगळी काचेच्या तुकड्यावर उभी करा. डुगडुगली तर प्राइमर वर राहिलाय. रिव्हॉल्व्हरमध्ये वर आलेला प्राइमर सिलिंडरला घासतो, आणि सिलिंडर अडलं की ऐन डावात वेळ गेलाच.

आता ठासणी. दारू आणि गोळी यांच्यात हवा राहता कामा नये. मोकळी जागा राहिली तर दाब वेडावाकडा चढून चेंबर फुगू शकतं. पण किती ठासायचं, ते दारूगणिक वेगळं. खरी काळी दारू घट्ट ठासली की खूश असते. पायरोडेक्स हलकी ठासायची, दीडेक ते तीन मिलिमीटर. ट्रिपल सेव्हनला जेमतेम टेकलं तरी पुरे. कंपनीची मर्यादा एक दशांश इंच, म्हणजे अडीच मिलिमीटर. त्यापलीकडे जायचं नाही, कारण ती दाबली की दाब वाढवते आणि वेग एकसारखा राहत नाही.

हे मोजायचं कसं? मी एक लाकडी काडी वापरतो, पेन्सिलीएवढ्या जाडीची. गोळी आणि काडी शेजारी धरायची. गोळीच्या बुडापासून क्रिंपच्या (पुंगळीचा काठ आत वळवतात त्या) खाचेपर्यंतचं अंतर काडीच्या टोकापासून मोजून पेन्सिलीनं रेघ मारायची. दारू घातल्यावर काडी पुंगळीत हलकेच उभी सोडायची. रेघ पुंगळीच्या काठाला बरोबर आली, तर गोळी दारूला नुसती टेकेल. रेघ काठाच्या वर दोन मिलिमीटर राहिली, तर गोळी दारूला दोन मिलिमीटर ठासेल. काठाखाली गेली, तर मध्ये हवा आहे. पहिल्या पाच पुंगळ्यांना हे करून माप पक्कं केलं की पुढच्या शंभरांना दर दहाव्याला तपासलं तरी चालतं. दारू ओतताना लांब नळीच्या नरसाळ्यातून संथ ओतली की दाणे आपसूक नीट बसतात आणि ठासायला जागा कमी लागते.

माप कमी करायचं असेल तर? इथे बरेच जण चुकतात. खऱ्या काळ्या दारूवर मक्याची भरड घालून उरलेली जागा भरायची जुनी पद्धत आहे. ट्रिपल सेव्हनवर अशी भरणी घालायची नाही, कंपनी स्पष्ट नाही म्हणते. धक्का कमी हवा असेल तर आखूड पुंगळी घ्या. स्कोफिल्डचं काडतूस १८७५ च्या सुमाराचं, कोल्टपेक्षा आखूड, आणि .४५ कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये बसतं. त्यात दारू कमी मावते आणि हवाही राहत नाही. फक्त त्याची कड मोठी असते, म्हणून काही लिव्हर रायफली ते आत ओढायला कुरकुर करतात. आधी चार रिकामी, दारू आणि प्राइमर नसलेली काडतुसं करून फिरवून बघा.

मग गोळी बसवायची आणि वेगळ्या फेरीत क्रिंप द्यायचा. दोन्ही कामं एकाच फेरीत करणारी डाय मिळते, पण नवशिक्यानं वेगवेगळी करावीत. काठ गोळीच्या खाचेत गोल वळला पाहिजे. लिव्हर रायफलीच्या नळीत काडतुसं एकामागे एक, पुढच्याच्या बुडाला मागच्याचं नाक टेकून असतात. म्हणून सपाट नाकाचीच गोळी. टोकदार गोळी पुढच्याच्या प्राइमरवर आपटली तर काय होईल, ते सांगायला नको.

शेवटी प्रत्येक काडतूस मापाच्या गेजमध्ये टाकून बघा. गेज नसेल तर रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर बंदुकीतून काढून, फक्त सिलिंडरमध्ये. टुपकन पडलं आणि उलटं केल्यावर आपोआप बाहेर आलं, की झालं. आणि डब्यावर चिठ्ठी: तारीख, दारूचं नाव आणि प्रत, चमच्याचा आकडा, गोळी, प्राइमर. धुराची काडतुसं मी लाल झाकणाच्या डब्यात ठेवतो, बिनधुराची कधीच त्या कपाटात नसतात.

गोळीचं वंगण

दुकानातल्या शिशाच्या गोळ्यांना निळं किंवा लाल कडक मेण लावलेलं असतं. ते बिनधुराच्या दारूसाठी. खऱ्या काळ्या दारूत आणि पायरोडेक्समध्ये खनिज तेलाचं वंगण डांबरासारखं कडक होतं, नळीच्या आट्यांत बसतं, आणि विसाव्या बारापर्यंत नेम गेलाच. मधमाशीचं मेण आणि चरबी यांचं मऊ वंगण हवं, आणि ते भरपूर मावावं म्हणून गोळीवर रुंद खाचा हव्यात. ट्रिपल सेव्हन आणि अ‍ॅस्कॉर्बिकवाली दारू यांचं मात्र कमी वंगणातही भागतं. पावडर कोटिंगची गोळी दिसायला छान, पण तिच्यावर राख मऊ ठेवणारं वंगणच नसतं. मी ती धुराच्या डावात नेत नाही.

रायफलीबद्दल एक निरीक्षण. .४५ कोल्टची पुंगळी सरळ आणि जाड तोंडाची. कमी दाबाच्या दारूत ती चेंबरला नीट चिकटत नाही, राख मागे उडते आणि रायफलीचं यंत्र काळं होतं. .४४-४० च्या पुंगळीचं तोंड पातळ, ते लगेच फुलून चेंबर बंद करतं. १८७३ च्या विंचेस्टर रायफलीसाठी ते काडतूस निघालं होतं ते उगाच नव्हे. आमच्या क्लबातले जुने लोक रायफलीला .४४-४० आणि रिव्हॉल्व्हरला .४५ असा संसार करतात. दोन जातींची काडतुसं एका पट्ट्यात आली की घोटाळा ठरलेला, म्हणून मी आळशासारखं एकावरच भागवतो आणि दर सामन्यानंतर रायफल उघडून पुसतो.

पहिला बार

पाचच काडतुसं भरून मैदानावर जा. तशीही या खेळात सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरतात, घोडा रिकाम्या घरावर ठेवतात. वेगमापक लावा. 'सास'च्या नियमानुसार रिव्हॉल्व्हरचा वेग सेकंदाला १,००० फुटांच्या आत, रायफलीचा १,४०० च्या आत, आणि कोणतीही गोळी ४०० च्या खाली नाही. आवाज 'थड' असा दबका पण भरदार यायला हवा. 'फुस्स' झालं तर थांबा. बंदूक लक्ष्याच्या दिशेनं धरून अर्धा मिनिट मोजा, कारण दारू उशिरा पेटू शकते. मग बंदूक रिकामी करून नळीत गोळी अडकली आहे का ते बघितल्याशिवाय दुसरा बार नाही.

धुणं

सामना संपला की बहुतेक जण गप्पा मारत बसतात. मी गाडीच्या डिकीतून एक रुंद तोंडाची बाटली काढतो, तिच्यात पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब. रिकाम्या पुंगळ्या तिथेच आत. घरी पोहोचेपर्यंत गाडीच्या हेलकाव्यांनी त्या अर्ध्या धुतल्या जातात. रात्रभर कोरड्या ठेवल्या तर पितळ काळं-हिरवं पडतं, आणि पायरोडेक्सच्या क्षारांनी तर जास्तच. घरी आल्यावर प्राइमर काढायचे, गरम पाण्यानं दोनदा खंगाळायचं. मग टम्बलरमध्ये, म्हणजे गरगर फिरणाऱ्या डब्यात, स्टीलच्या पिना, पाणी, साबण. कपड्यावर पसरून दोन दिवस वाळवायचं. ओलसर पुंगळीत दारू घातली की तो बार गेलाच.

बंदुकीला आधी पाणी, मग तेल. उलटं नाही. नुसतं तेल लावलं तर क्षार तेलाखाली सुखानं बसतात आणि आठवड्यात गंज. इथले लोक बॅलिस्टॉल नावाचं जर्मन तेल पाण्यात मिसळून वापरतात. ते पाण्यात ओतलं की फिनेलसारखं पांढरं दूध होतं, आणि त्याला इथे 'मूसचं दूध' म्हणतात; मूस म्हणजे इथलं मोठं हरीण. एक भाग तेल, सात-आठ भाग पाणी. चिंध्या भिजवून नळीतून ओढा, चिंधी पांढरी येईपर्यंत. मग कोरडी चिंधी, मग निव्वळ तेलाचा हात. सिलिंडरची दांडी विसरू नका, राख तिथेच साचते आणि पुढच्या सामन्यात सिलिंडर अडतं ते तिथे. शॉटगनमध्ये प्लॅस्टिकचे वॅड (दारू आणि छरे यांच्यातले बोळे) वापरत असाल तर नळीत वितळलेल्या प्लॅस्टिकच्या लांब पट्ट्या निघतील. गरम पाण्याच्या चिंधीला त्या सापाच्या कातीसारख्या चिकटून येतात.

मागच्या रविवारी आईनं व्हिडिओ कॉलवर ओट्यावर वाळत घातलेल्या ११८ पुंगळ्या बघितल्या. दोन मैदानावरच्या गवतात हरवल्या होत्या. तिनं विचारलं, "ही पितळी भांडी कसली रे एवढीशी? चिंच लावून घास, लख्ख निघतील." स्टीलच्या पिना संपल्या की तेही करून बघीन.